बिनसमुद्राचा कमोडोर

कॅल्गरीपासून समुद्र गाडीनं जवळजवळ हजार किलोमीटर लांब आहे, आणि मध्ये रॉकी पर्वत आडवा पडलाय. नागपूरपासूनही समुद्र लांबच. तेव्हा नागपुरात जन्मून कॅल्गरीत स्थायिक झालेल्या चारुदत्त घटाटेनं स्वतःला आरमाराला वाहून घ्यावं, यात नवल काही नव्हतं. समुद्राकाठी राहणाऱ्यांना आरमाराचं कसलं कौतुक! त्यांना खाडीचा वास येत असतो.

चारुदत्त माझा मित्र. आम्ही दोघं एकाच तेल कंपनीत पाइपलाइन डिझाइन करायचो. तेलाचे भाव पडले तेव्हा कंपनीनं मला ठेवलं आणि त्याला काढलं. यात गुणवत्तेचा काहीही संबंध नव्हता, असं मी त्याला समजावत असे. तोही मला तेच समजावत असे.

नोकरी गेलेला माणूस रेझ्युमे सुधारतो, चार ठिकाणी अप्लाय करतो, ओळखीच्यांना फोन करतो. चारुदत्त बेसमेंटमध्ये गेला. कॉलेज संपल्यावर त्यानं भारतीय नौदलात जायचा प्रयत्न केला होता. डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं चित्र दाखवून "यात आकडा कुठला?" असं विचारलं, तर हा म्हणाला, "कुठला आकडा?" लाल आणि हिरवा हे दोन रंग त्याला सारखेच दिसत. तिथं देश एका ॲडमिरलला मुकला, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. ती पोकळी भरून काढायला आता त्याला भरपूर वेळ मिळाला. लहानपणी मामाच्या घरी भिंतीवर 'आयएनएस म्हैसूर' या क्रूझर जातीच्या युद्धनौकेचा फोटो होता. तीच बोट त्यानं बांधायला घेतली. लाकूड, फायबर, दोन मोटारी, रिमोट, आणि सोफ्याएवढी लांबी.

घर चालत होतं सुनेत्रावहिनींच्या पगारावर. त्या फार्मसिस्ट. दिवसभर लोकांना गोळ्या देऊन घरी आल्या की जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून विचारायच्या, "अहो, त्या एडमंटनच्या जागेचं काय झालं?"

खालून उत्तर यायचं, "करतो नं अप्लाय. आधी हा तोफेचा बुरूज बसू दे."

"बसू दे, बसू दे. निदान तो तरी कुठंतरी लागू दे."

बोट तयार झाली आणि चारुदत्त तिला घेऊन चौथ्या क्रूझर स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला.

ही स्क्वाड्रन म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या युद्धनौका बाळगणाऱ्या हौशी मंडळींचा क्लब. दक्षिण कॅल्गरीतल्या एका नव्या वस्तीत पावसाचं पाणी साठवायचं तळं आहे. वस्तीच्या असोसिएशननं त्यात छोट्या बोटी सोडायची परवानगी दिली होती. काठावर पाटी होती: पोहू नका, पाण्यात उतरू नका, बर्फावर चालू नका. एवढं सोडून उरलेलं सगळं आरमारी काम तिथं करता येत असे. पहिल्या तीन स्क्वाड्रन कुठं आहेत, असं कुणी विचारलं की सभासद गंभीर चेहऱ्यानं एकमेकांकडे बघत.

या स्क्वाड्रनच्या सेनापतिपदाचा इतिहास मोठा रक्तरंजित आहे, म्हणजे तसा तो चारुदत्त सांगतो. संस्थापक कमोडोर ग्लेन. आयुष्यभर सी-ट्रेन, म्हणजे इथली शहरातली लोकल, चालवून निवृत्त झालेला, ऐंशीला टेकलेला, उंच आणि कमी बोलणारा माणूस. जन्मभर रुळांवरून गाडी नेल्यामुळे असेल, तळ्यात त्याला कुणाला वळण लावायची हौस नव्हती. त्याचा हुकूम एकच: "सगळे आले? मग चला." त्याच्या काळात जहाजं हवी तिकडे जात, एकमेकांवर आपटत, आणि लोक कॉफी पीत हसत. अशी बेशिस्त फार दिवस कोण चालू देणार? एका दंतवैद्यानं बंड केलं, ग्लेनला पायउतार केलं आणि सगळ्या जहाजांना एका रांगेत चालायला लावलं. पण आरमाराचा करडा रंग नेमका किती करडा असावा, यावरून वाद पेटला. दोन करडे रंग होते; माझ्या डोळ्यांना तरी त्यांत फरक दिसला नाही. एका संध्याकाळी अर्धा क्लब फुटून शेजारच्या एअरड्री गावात गेला आणि तिथं त्यांनी दोन विनाशिका आणि एका टगबोटीच्या जोरावर स्वतंत्र आरमार काढलं. दंतवैद्यही त्यांच्याबरोबर गेला.

मागे उरला ग्लेन, आणि बार्ब व लॉइड नावाचं एक निवृत्त जोडपं. त्यात चारुदत्त आला. त्याच्याकडे हीटर असलेलं गॅरेज होतं, चार बोटी मावतील अशी व्हॅन होती आणि नोकरी नव्हती. सेनापतीला याहून अधिक काय लागतं? निवडणूक बिनविरोध झाली. रंगाच्या बाबतीत तर तो पूर्ण तटस्थ.

कमोडोर झाल्यावर चारुदत्त बदलला. ऑनलाइन मागवलेली पांढरी टोपी आली, गळ्यात शिटी आली. दर शुक्रवारी सभासदांना ईमेलनं 'उद्याचे आदेश' जाऊ लागले. आदेश मिळाला की खलाशी म्हणतात तसं प्रत्येकानं "आय, आय!" म्हणायचं, असा नियम झाला. बार्ब आणि लॉइड बिचारे मोठ्यानं म्हणत. लांबून चालत येणाऱ्या मराठी माणसाला वाटावं, तळ्याकाठी कुणाला तरी जोरात लागलंय.

"नंदन, अबे, कमांड म्हणजे काय गंमत नसते," तो मला एकदा म्हणाला. "माणसं तुझ्यावर विसंबून असतात."

"तिघं," मी म्हणालो.

"आकड्यावर जाऊ नको."

त्याची एकच डोकेदुखी होती, ग्लेनची बोट. ग्लेननं बांधलेली क्रूझर होती 'युगांडा'. नाव आफ्रिकेतलं, बांधणी इंग्लंडची, खलाशी कॅनडाचे आणि लढाई जपानशी. असा सगळा आंतरराष्ट्रीय कारभार. खरं तर ती आणि 'म्हैसूर' एकाच घराण्यातल्या, सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी म्हणाव्यात अशा. पण चारुदत्तला तिची लाज वाटे. कारण युगांडानं इतिहासात एक चमत्कारिक गोष्ट केली होती. एकोणीसशे पंचेचाळीसमध्ये जर्मनी हरल्यात जमा होता, जपान तेवढा उरला होता. कॅनडा सरकारनं ठरवलं की पॅसिफिकमध्ये ज्याला लढायचं असेल त्यानं पुन्हा स्वखुशीनं नाव द्यावं. युगांडा तर आधीच पॅसिफिकमध्ये होती, ब्रिटिशांच्या चौथ्या क्रूझर स्क्वाड्रनबरोबर, ऐन लढाईत. तिथं खलाशांची मतं घेतली गेली. बहुतेकांनी सांगितलं, आम्हाला घरी जायचंय. मग बदली जहाज मिळेपर्यंत काही आठवडे लढून ती युद्धनौका खरोखरच घरी निघाली. ती व्हँकुव्हर आयलंडच्या बंदरात पोचली आणि आठवड्याच्या आत युद्धच संपलं.

ही हकिगत सांगताना चारुदत्तच्या नाकपुड्या फुगत. "मतदान करून रणांगणातून पळालेलं जहाज! हाऊसिंग सोसायटी आहे का आरमार?" त्यानं युगांडाला रांगेत शेवटची जागा दिली आणि तीही 'म्हैसूर'पासून जरा अंतर राखून. ग्लेन "आय, आय" म्हणाला आणि शेवटी जाऊन उभा राहिला.

गेल्या सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी चारुदत्तनं 'फ्लीट रिव्ह्यू' जाहीर केला. म्हणजे आरमाराची जाहीर सलामी. राष्ट्रप्रमुख घेतात तशी. आमच्याकडे राष्ट्रप्रमुख नसल्यामुळे वस्तीच्या असोसिएशनच्या अध्यक्षबाई येणार होत्या. महाराष्ट्र मंडळातली दहा-बारा कुटुंबंही आली, कारण वडापाव आहे असं मीच पसरवलं होतं. गणपतीत वापरलेला मंडळाचा माइक आणला होता. सकाळपासून आभाळ भरलेलं, वारा थेट डोंगरावरून येत होता. तळ्यावर दक्षिणेला निघालेल्या हंसांचा मोठा कळप उतरला होता. ते बघून कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं की घरी जायची वेळ झाली आहे.

चारुदत्तची मुलगी ऊर्मी युनिव्हर्सिटीत शिकते. तीही आली होती, हुडीत तोंड लपवून. मी म्हटलं, "बाबांचा मोठा दिवस आहे हं आज."

"आय नो, काका. आय होप नोबडी आय नो इज हिअर."

चारुदत्तनं माइक घेतला आणि क्रूझर स्क्वाड्रनचा इतिहास सुरू केला. तो इंग्रजीत बोलत होता, पण आवेश अस्सल मराठी व्याख्यानमालेचा होता. क्रूझर म्हणजे काय, स्क्वाड्रन का लागते, कमांडरच्या एका शब्दावर शेकडो माणसं कशी मरायला तयार होतात. वडापाव गार होत होते. मग तो युगांडावर आला आणि रंगला.

"आणि काठावरच्या रांगेत शेवटी बघा," तो म्हणाला, "ती युगांडा. जगाच्या इतिहासात मतदान करून घरी पळालेली क्रूझर! सोबतची जहाजं लढत होती आणि हे लोक आईच्या हातचं जेवायला निघाले!"

मंडळातले दोघं-तिघं हसले. ग्लेन पुढं आला. त्यानं माइक मागितला नाही, पण तो उभाच राहिला, तेव्हा चारुदत्तलाच तो खाली करावा लागला.

"माझे वडील त्या जहाजावर होते," ग्लेन म्हणाला. "त्यांनी घरी जायला मत दिलं. पुढच्या उन्हाळ्यात मी जन्मलो. तू त्याला पळून जाणं म्हण. माझ्या घरी त्याला वाढदिवस म्हणतात."

अध्यक्षबाई स्वतःचे जोडे बघत राहिल्या. चारुदत्तचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हा आता माफी मागणार. तेवढ्यात बर्फ पडायला लागलं. आधी भुरभुर, मग वाऱ्याबरोबर आडवं. माफी मागण्यापेक्षा हुकूम सोडणं नेहमीच सोपं असतं. त्यानं शिटी फुंकली आणि ओरडला, "जहाजं पाण्यात! रांग धरा!"

"चारू, मला बोटं जाणवत नाहीयेत," बार्ब म्हणाली. "मतं घेऊ या. घरी जायचं कोणाला?"

"आरमारात मतदान नसतं!"

"असतं. आत्ता तूच तर सांगितलंस."

बार्ब, लॉइड आणि ग्लेन यांचे हात वर गेले. मग अध्यक्षबाईंचा गेला, मग मंडळातल्या सगळ्यांचा. त्यांना मताधिकार नव्हता, पण थंडी वाजत होती. ऊर्मीनंही हुडीच्या खिशातून हात काढून वर केला. सुनेत्रावहिनींनी मात्र केला नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

चारुदत्त एकटाच तळ्याकडे गेला आणि त्यानं 'म्हैसूर' पाण्यात सोडली. आता खरं सांगतो, ती बोट सुंदर चालत होती. बर्फातून, हंसांमधून वाट काढत, करडी, लांबसडक. तळ्याच्या मध्यावर पोचली आणि थांबली. थंडीत बॅटरी बसली होती. चारुदत्तनं रिमोट हलवला, उंच धरला, झटकला. बोट जागची हलेना. एक हंस जाऊन तिच्या तोफांशी बसला.

मग या माणसानं टोपी काढून वहिनींच्या हातात दिली आणि पाटी समोर असताना पाण्यात पाऊल टाकलं.

"अहो! तुम्हाला पोहता येत नाही!"

"उथळ आहे गं!"

पाणी उथळच होतं, पण चिखल खोल होता. पाचव्या-सहाव्या पावलाला तो मांडीपर्यंत रुतला आणि तिथंच थांबला, अगदी 'म्हैसूर'सारखा. पुढं जाता येईना, मागं येता येईना. मी आणि लॉइड काठावरून हात पुढं करत होतो, ते पुरत नव्हते. ऊर्मीनं अग्निशमन दलाला फोन लावला. तिकडून काय काय विचारत होते ते कळलं नाही, तिची उत्तरं तेवढी ऐकू आली. "यस, अ स्टॉर्म पाँड... नो, ही इज नॉट ड्राउनिंग... नो, नो ड्रिंकिंग... ही इज जस्ट अ कमोडोर." शेवटच्या शब्दाला तिला रडू फुटलं, आणि मला कळलं की पोरगी थट्टा करत नव्हती. घाबरून जे सुचेल ते बोलत होती.

अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत थंडीनं चारुदत्तचे दात वाजत होते. वहिनी काठावरून सतत बोलत राहिल्या, त्याला झोप येऊ नये म्हणून. काय बोलत होत्या? भाजीत मीठ जास्त झालं होतं तेव्हा तो गप्प जेवला, ते. एडमंटनच्या जागेसाठी त्यांनीच त्याच्या नावानं अप्लाय केलं होतं आणि तिकडून नकार आला, तो त्यांनी त्याला सांगितलाच नाही, ते. सगळ्या मंडळासमोर. तो चिखलातून म्हणाला, "काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही त्या दिवशी बुरूज बसवून वर आला होतात. खूश होतात."

दलाच्या दोन जवानांनी फळी टाकून त्याला उपसला. बूट चिखलातच राहिले. सगळे ब्लँकेटं, कॉफी या गडबडीत असताना कुणीतरी म्हणालं, "ते बघा." ग्लेननं शांतपणे आपली युगांडा पाण्यात सोडली होती. ती हंसाला वळसा घालून 'म्हैसूर'च्या मागं गेली, तिच्या बुडाला नाक लावलं, आणि हळूहळू ढकलत तिला काठावर घेऊन आली. आधी हंस उतरला, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्लँकेटात गुंडाळलेल्या चारुदत्तनं मान खाली घातली होती.

त्यानं त्याच रात्री ईमेलनं राजीनामा पाठवला. 'उद्याचे आदेश' या विषयाखालीच, कारण त्याला दुसरा विषय सुचला नसावा. पुढचे काही आठवडे तो बेसमेंटमध्येही गेला नाही. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, खाली जाऊन ठोकाठोक करायचे तेव्हा राग यायचा. आता घर इतकं शांत आहे की मीच टीव्ही लावून ठेवते."

शेवटी मीच त्याला गाडीत घालून ग्लेनकडे नेलं. त्याच्या हातात वहिनींनी दिलेल्या अनारशांचा डबा होता. माफीचं भाषण त्यानं वाटेत तीनदा म्हणून बघितलं. दार उघडल्याबरोबर तो सगळं विसरला आणि म्हणाला, "ग्लेन, मी गाढव आहे."

"आत या. बाहेर थंडी आहे," ग्लेन म्हणाला. मुद्दा मान्य असल्यासारखा.

स्वयंपाकघरात बसलो. ग्लेननं अनारसा उलटसुलट बघून खाल्ला, मग दुसरा घेतला. चारुदत्तला राहवेना. "तुझ्या वडिलांनी तसं मत का दिलं? बायकोसाठी? की युद्धाचा वीट आला होता?"

मला वाटलं, आता काहीतरी उदात्त ऐकायला मिळणार.

"मीही विचारलं होतं त्यांना," ग्लेन म्हणाला. "म्हणाले, जहाजात फार उकडायचं."

"एवढंच?"

"एवढंच. ते सस्कॅचेवान प्रांतातल्या मोकळ्या शेतावर वाढलेले. घरी आल्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी परत कुठल्या बोटीत पाय ठेवला नाही. माझं मॉडेल बघून म्हणाले, छान आहे, पण खिडक्या उघड्या ठेव."

चारुदत्तनं हातातला अनारसा खाली ठेवला. मग हसायला लागला. ग्लेनही हसला. इतिहासातल्या एका मोठ्या प्रश्नाचा निकाल असा अनारशांवर लागला.

त्यानंतर गोष्टी सावकाश मार्गी लागल्या. वसंतात चारुदत्तला काम मिळालं. मोठं काही नाही. वस्त्यांमधल्या पावसाच्या पाण्याच्या पाइपांची तपासणी करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. तळ्याची माहिती आहे का, असं मुलाखतीत विचारलं, तेव्हा त्यानं "आतून" असं उत्तर दिलं म्हणे. स्क्वाड्रनला सध्या कमोडोर नाही. एअरड्रीवाले विलीन व्हायला तयार आहेत, पण रंगाचं आधी ठरवा म्हणतात.

जुलैत घटाटे नवराबायको सुट्टीला व्हँकुव्हर आयलंडला गेले. युगांडा जिथं परतली ते बंदर त्याला बघायचं होतं. परत आल्यावर मी त्यांच्याकडे जेवायला गेलो आणि विचारलं, कसा काय झाला प्रवास?

"मस्त," चारुदत्त म्हणाला.

"फेरीबोटीत बसल्यापासून उतरेपर्यंत उलट्या करत होते," वहिनी वाढता वाढता म्हणाल्या. "पाणी ताटासारखं शांत. शेजारची तान्ही पोरं झोपलेली. आणि हे रेलिंगला धरून."

"आणि बंदर?"

"नौदलाची जागा ती. कोण आत सोडतंय! कुंपण बघितलं. अर्धा तास."

चारुदत्तनं भाताला हात लावला नव्हता. तो म्हणाला, "नंदन, नऊशेच्या आसपास माणसं उतरली असतील नं तिथं. पायऱ्यांवरून एकेक. कशी उतरली असतील रे?"

"घाईत," वहिनी म्हणाल्या. "जेवा आता. वरण निवतंय."